चिनी पेरू उपटताना

"मावशी, हे सगळं काढायचं."

त्या मुलानं हात फिरवून दाखवलं आणि मी नुसती बघत राहिले. समोर गर्द हिरवी झाडी होती. पानं तकतकीत, खोडं गुळगुळीत नि तांबूस, साल पापुद्र्यापापुद्र्यानं सुटलेली आणि दाटी इतकी, की भाताच्या तरव्यात हात घालतोय असं वाटावं. तीस वर्षं मी चिपळूणजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पहिला पाऊस पडला की मुलांना घेऊन झाडं लावायला जायचं, हा दर वर्षीचा नेम. झाडं उपटायला म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच उभी राहिले होते, आणि तेही मॉरिशसच्या राष्ट्रीय उद्यानात.

लेक तिथे नोकरीला आहे. मार्च ते जून मी तिच्याकडे होते. महिनाभरात घरात बसून जीव विटला, तेव्हा तिच्या मैत्रिणीनं शनिवारी तण काढायला जाणाऱ्या स्वयंसेवकांशी गाठ घालून दिली. जागा होती ल पेत्रँ. बेटाच्या नैर्ऋत्येकडचं उंच, ढगाळ, सतत भुरभुर पावसाचं पठार. गंगा तलावाकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. महाशिवरात्रीला कावडी घेऊन चालणारे हजारो भाविक या जागेशेजारून जातात. पायाखालची जमीन पाहिली आणि मी चमकलेच. लालसर, कठीण, आमच्या जांभ्याची सख्खी बहीण वाटावी अशी.

आमच्या तुकडीचा तो मुकादम तिशीतला. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आलेले. घरात क्रिओल बोलतात, मराठी तो शाळेत शिकला. तिथल्या शाळांत मराठी हा विषय असतो. त्याचं मराठी थोडं पुस्तकी, पण 'मावशी' म्हणण्याचा सूर थेट गुहागरचा. त्यानं मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट एवढीच, की हिरवं दिसतं म्हणून ते जंगल समजायचं नाही.

आम्ही उपटत होतो तो चिनी पेरू. मूळचा ब्राझीलचा, पण बेटावरचे लोक त्याला 'गोयाव द शीन' म्हणतात, म्हणजे चीनचा पेरू. सुपारीएवढी लालचुटुक फळं, आंबटगोड, वासाला फार सुरेख. एप्रिल-मे महिन्यात रस्त्याकडेला मीठ-मिरची लावून विकायला असतात. माणसं खातात, माकडं खातात, डुकरं खातात, बुलबुल खातात, आणि सगळे मिळून बी जंगलभर पेरतात. सावलीतही हे रोप तग धरतं, तोडलं तर बुडातून चार फुटवे काढतं. त्याच्या दाटीखाली देशी झाडाचं बी रुजलं तरी वर येत नाही. मोठी देशी झाडं उभी असतात, म्हणून लांबून सगळं ठीकठाक वाटतं. पण खाली त्यांचं एकही पोर नसतं. म्हातारी झाडं वादळात पडली की उरतो तो पेरू.

मॉरिशस सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून समुद्रावर आलं. मादागास्कर ८०० किलोमीटर लांब. जे उडत, वाहत, वाऱ्यावर पोचलं, त्यानं तिथे संसार मांडला आणि लाखो वर्षांत स्वतःचं वेगळंच रूप घेतलं. माणूस येईपर्यंत जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. वटवाघळं तेवढी उडून आलेली. पाला खायचं काम प्रचंड कासवं करीत. फुलझाडांच्या सुमारे ७०० देशी जाती, त्यांतल्या २७० हून जास्त प्रदेशनिष्ठ, म्हणजे त्या बेटावर सोडून जगात कुठेही नाहीत. आणि हे सगळं १,८६५ चौरस किलोमीटरवर. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही हे बेट लहान आहे.

१५९८ साली डच उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली. काळ्या एबनीच्या लाकडासाठी कुऱ्हाड चालली. हे एबनी आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं. १६३९ मध्ये जावाहून हरणं आणली. जहाजांतून उंदीर आले, माकडं आली, डुकरं आली. डोडो हा न उडणारा पक्षी जमिनीवर एकच अंडं घालायचा, असं जुन्या नोंदी सांगतात. तो शेवटचा खात्रीनं पाहिला गेला १६६२ मध्ये. नंतर फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले, आणि उसानं सपाटीवरचं जंगल गिळलं. आज चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल दोन टक्क्यांच्याही खाली उरलं आहे.

पण मला हलवून टाकलं ते आपल्याच ओळखीच्या मंडळींनी. तिथल्या झाडावर साळुंकी बोलली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. चौकशी केली तर कळलं, टोळधाड खावी म्हणून १७६२ मध्ये फ्रेंचांनी तिला भारतातून आणलं. डोक्यावर तुरा मिरवणारा शिपाई बुलबुल आपलाच, आणि पेरूचं बी पसरवण्यात त्याचाही हात. मुंगूस १९०० साली उंदरांवर उतारा म्हणून आणलं. त्यानं पक्ष्यांची अंडी खाल्ली. आपला राघू तिथल्या देशी पोपटाच्या ढोल्या बळकावतो. चिचुंद्री आपली. घाणेरी तर आपल्यालाही छळते. आणि ज्या माधवीलतेवर आपल्या कवींनी इतकं प्रेम केलं, ती वेल तिथल्या झाडांवर चढून त्यांचा श्वास कोंडते. यात साळुंकीचा दोष नाही, वेलीचाही नाही. त्यांना उचलून नेणाऱ्यांनी पुढचा विचार केला नाही.

आता प्रश्न असा, की एवढं सगळं बिघडल्यावर सुरुवात कुठून करायची? पूर्ण बेट पूर्ववत होणार नाही. तेरा लाखांच्या आसपास माणसं तिथे राहतात, शेती करतात. राष्ट्रीय उद्यान आहे, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस. १९९४ मध्ये ६,५७४ हेक्टर जमीन राखीव झाली. पण राखीव म्हणून पाटी लावल्यानं पेरू थांबत नाही. हे सिद्ध करणारा एक चौकोनच त्या जंगलात आहे. १९३० च्या दशकात रेजिनाल्ड वॉन आणि ऑक्टाव्ह वीए या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी माकाबेच्या जंगलात एक तुकडा आखून त्यातली झाडं मोजून ठेवली. अनेक दशकांनी पुन्हा मोजणी झाली. मधल्या काळात तिथे कुणी कुऱ्हाड लावली नव्हती, जागा संरक्षित होती. तरी देशी झाडं घटलेली आणि परकी झाडं माजलेली. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले, की जंगलाला हात लावू नका, ते स्वतःला सावरतं. बेटावर हे खरं ठरत नाही.

मग तिथल्या लोकांनी तुकडा धरला. एक तुकडा निवडायचा, त्याला हरणं-डुकरं अडतील असं कुंपण घालायचं, आतला सगळा परका पाला हातानं काढायचा आणि तो तुकडा पुढे कायम राखायचा. ब्रीझ फेर इथे १९८७ मध्ये असा एक तुकडा कुंपणात घेतला, तो दीड हेक्टरही नव्हता. आपल्या हिशेबात तीन-साडेतीन एकर. ल पेत्रँचं कुंपण १९९४ चं, सहा हेक्टरांच्या थोडं वर. सुरुवातीचे असे सगळे तुकडे मिळून पन्नास हेक्टरांच्या आतबाहेर भरत. आकडा ऐकून मला आधी वाईट वाटलं. मग मी प्रत्यक्ष एक दिवसभर काम केलं आणि माझा हिशेब बदलला. आठ जणांनी सकाळपासून दुपारपर्यंत जेवढं साफ केलं, ते आमच्या घरामागच्या परसाएवढं होतं.

म्हणूनच आराखड्याला इतकं महत्त्व. कुठला तुकडा आधी घ्यायचा, हे ठरवताना तिथले लोक पहिल्यांदा वर बघतात. मोठ्या देशी झाडांचं छत अजून शाबूत आहे का? असेल तर बी तिथेच पडणार आहे, सावली तिथेच आहे. आपण फक्त खालची दाटी हटवायची. जिथे छत गेलं आहे, तिथे रोपं तयार करा, लावा, पाणी घाला, सगळं आलं. तिथला खर्च कैक पटींनी वाढतो. दुसरं, त्या तुकड्यात असं काही आहे का, जे दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही? मग छत असो-नसो, तो तुकडा आधी. तिसरं, तुकड्याचा आकार. लांबट, चिंचोळ्या पट्टीला कडा जास्त, आणि तण कडेकडेनंच आत शिरतं. चौथी गोष्ट ऐकायला अगदी साधी, पण सगळं तिच्यावर अडतं. तिथे माणसं वर्षानुवर्षं चालत पोचू शकतील का? कारण पहिली साफसफाई म्हणजे नुसती सुरुवात. दाटी निघाली की उजेड जमिनीवर पडतो, आणि मातीत निजलेलं तणाचं बी जागं होतं. काही महिन्यांत पुन्हा जावं लागतं, मग पुन्हा, मग वर्षाआड का होईना, पण जावंच लागतं. मध्ये दोन-तीन वर्षं पैसा आटला, की आधीचे कष्ट मातीत जातात. आपल्याकडे वृक्षारोपणाच्या दिवशी फोटो निघतो आणि पुढच्या उन्हाळ्यात खड्डा रिकामा दिसतो. ज्यानं तो पाहिला आहे, त्याला मी काय म्हणते ते कळेल.

काम कसं करतात, तेही सांगते. बोटभर रोप असेल तर मुळासकट उपटायचं आणि दगडावर किंवा फांदीवर मुळं वर करून टाकायचं. जमिनीवर टाकलं तर ते पुन्हा धरतं. मनगटाएवढं खोड असेल तर जमिनीलगत कापून बुंध्यावर लगेच तणनाशकाचा ब्रश फिरवायचा. फवारा मारत नाहीत, शेजारच्या देशी रोपावर उडेल म्हणून. दाटी एकदम सगळी काढून भगभगीत उजेडही पाडत नाहीत. आणि उपटण्याआधी प्रत्येक रोप ओळखायचं. हा नियम मला जड जाईल असं वाटलं नव्हतं, मी तर या विषयाची बाई. पण तिसऱ्याच तासाला मी एका गुडघ्याएवढ्या रोपाच्या बुडाशी हात घातला आणि तो मुलगा ओरडला, "मावशी, नाही! ते आमचं आहे!"

मी हात काढला. गुडघे टेकून पाहिलं. पेरू आणि जांभूळ एकाच कुळातले, हे मी शिकवत आले. मॉरिशसच्या देशी यूजीनियाही त्याच कुळातल्या. पानं तशीच समोरासमोर, तशीच जाडसर, तकतकीत. पण पेरूच्या खोडाला जी पापुद्र्याची साल असते, ती इथे नव्हती, आणि पान चुरगळल्यावर वास निराळा. असं गुडघाभर रोप कित्येक वर्षांचं असू शकतं, इतकी ही झाडं सावकाश वाढतात. त्याच्या चारी बाजूंचा पेरू मी मग एकेक करून हलक्या हातानं काढला. अर्ध्या तासानं ते रोप मोकळ्यावर एकटं उभं होतं, आणि त्याच्या शेंड्याला दोन कोवळी तांबूस पानं फुटलेली दिसली.

या तुकड्यांचा उपयोग होतो का? ब्रीझ फेरच्या साफ केलेल्या आणि न केलेल्या भागांची तुलना तिथल्या संशोधकांनी केली आहे. साफ भागात देशी फुलपाखरांच्या जाती जास्त, संख्याही जास्त. जुनी झाडं फुलाफळाला जास्त येतात, कारण पाणी आणि माती आता त्यांच्या वाट्याला येते. तांबालाकोक नावाच्या झाडाची गोष्ट आपल्याकडेही सांगितली जाते. त्याचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, म्हणून डोडोबरोबर ते झाडही संपत आलं, अशी ती गोष्ट. १९७७ मध्ये एका अमेरिकन शास्त्रज्ञानं ती मांडली आणि ती जगभर झाली. मीही वर्गात रंगवून सांगितली आहे. पण ती टिकली नाही. तीनशे वर्षांहून लहान झाडंही सापडली. त्याचं खरं दुखणं पेरूची दाटी, कच्ची फळं तोडून टाकणारी माकडं, बी खाणारी डुकरं हे आहे. डोडो परत आणता येत नाही, पेरू मात्र उपटता येतो.

एक गोष्ट मला तिथे सगळ्यात जास्त आवडली, ती केवड्याची. ल पेत्रँच्या पाणथळ भागात देशी केवड्याची बेटं आहेत. तिथेच ट्रोकेशिया नावाचं एक प्रदेशनिष्ठ झुडूप आहे, घंटेसारखी लाल फुलं येणारं. त्या फुलांचं परागीभवन करते एक पाल! निळ्या शेपटीची, पाचूसारखी हिरवी, दिवसा हिंडणारी. ती फुलातला मध चाटायला येते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की केवड्याजवळच्या ट्रोकेशियाला फळं जास्त धरतात, लांबच्याला कमी. कारण त्या पालीचं घर केवड्याच्या काटेरी पानांत असतं. ससाणा आला की ती तिथे दडते, आणि आसऱ्यापासून फार लांब जात नाही. म्हणजे ट्रोकेशिया वाचवायची तर रोपवाटिकेत रोपं करून भागत नाही, शेजारी केवडा हवा. अधिवास म्हणजे काय, हे मी तीस वर्षं व्याख्येनं शिकवलं. ही पाल मला तेव्हा माहीत असती तर त्या व्याख्येची गरजच पडली नसती.

पक्ष्यांची कथा जगभर गाजलेली आहे, म्हणून थोडक्यात. मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या ससाण्याचे १९७४ मध्ये रानात फक्त चार पक्षी उरले होते. कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण १९७९ मध्ये तिथे आला. त्यानं घरट्यातली पहिली अंडी काढून उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पिल्लं वाढवून सोडली. आज तो ससाणा शेकड्यांत आहे. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास दहाएक होतं, आता पाचशेच्या आसपास. देशी पोपट दहा-बारावरून सातशेच्या पुढे गेला. पण या कबुतरांना आणि पोपटांना अजून बाहेरून खाणं ठेवावं लागतं, ढोलीऐवजी पेट्या टांगाव्या लागतात. पिंजऱ्यात पिल्लं वाढवता येतात. त्यांना पोसेल एवढं जंगल वाढवायला त्याहून फार मोठा काळ लागतो. ससाण्याची संख्या मध्ये पुन्हा घसरली, तीही यामुळेच.

मे महिन्यात लेकीबरोबर माहेबूरला गेले आणि तिथून होडीनं इल-ओ-झेग्रेत या टापूवर. किनाऱ्यापासून कसाबसा एक किलोमीटर, २६ हेक्टरांचा प्रवाळाच्या खडकाचा तुकडा. किनाऱ्यावरचं एबनीचं कोरडं जंगल मॉरिशसभर होतं, ते नावापुरतं उरलं ते इथे. सरपणासाठी तोड झाली, दुसऱ्या महायुद्धात तोफा बसवल्या, बकऱ्या चरल्या, आणि मग माजलं काय, तर सुबाभूळ! ऐंशीच्या दशकात जिचं बी आपल्याकडे गावोगाव वाटलं गेलं, तीच. १९८६ मध्ये मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेनं हा टापू सांभाळायला घेतला. मांजरं हटवली, १९९१ पर्यंत उंदीर संपवले. मग पट्ट्यापट्ट्यानं सुबाभूळ काढायची आणि तिथल्या रोपवाटिकेतली देशी रोपं लावायची, असं वर्षानुवर्षं चाललं. चिचुंद्रीविरुद्धची मोहीम मात्र फसली. तिचं लहान अंग आणि झपाट्यानं होणारी वीण यांपुढे सापळे कमी पडले. हेही ते लोक पाहुण्यांना मोकळेपणानं सांगतात, हे मला फार भावलं.

टापूच्या पायवाटेवर एक कासव आडवं आलं. परातीएवढं नव्हे, चांगलं पाटाएवढं. मान वर करून जमिनीलगतचा पाला तोडत होतं. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं कधीच संपली. त्यांच्या जागी सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटावरची कासवं इथे २००० साली सोडली. परक्याला मुद्दाम आणून सोडायचं म्हणजे केवढी जोखीम! पण विचार नीट केलेला होता. कासव उंदरासारखं वाढत नाही, नको झालं तर उचलून नेता येतं. एबनीची फळं झाडाखालीच पडून कुजत होती. ती खाणारं कुणी उरलं नव्हतं. कासवांनी ती खाल्ली, आणि जिथे एबनी तोडून संपलं होतं, तिथे कासवांच्या शेणातून नवी रोपं उगवली. पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं, असंही अभ्यासात दिसलं. वाटाड्यानं एका ठिकाणी वाकून पाला बाजूला केला. चार पानांचं काळपट-हिरवं रोप. त्यानं ते लावलेलं नव्हतं, कुणीच लावलेलं नव्हतं. मी बराच वेळ तिथून उठले नाही.

याच टापूसमोर २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे जहाज प्रवाळाच्या कड्यावर चढलं. ६ ऑगस्टला तेल समुद्रात यायला लागलं, सुमारे एक हजार टन. रोपवाटिकेतली रोपं आणि काही दुर्मीळ पाली-पक्षी घाईनं मुख्य बेटावर हलवले. गावागावातले लोक किनाऱ्यावर बसले, कापडाच्या पिशव्यांत उसाचं पाचट भरून लांबच लांब अडसर शिवले आणि पाण्यावर सोडले. त्यात मराठी घरं होती, भोजपुरी, तमिळ, क्रिओल, चिनी सगळी होती. ज्या उसापायी जंगल गेलं, त्याचंच पाचट त्या दिवशी जंगलाच्या कामी आलं, असं आमचा मुकादम म्हणाला. तोही तिथे तीन दिवस शिवत बसला होता.

पाडव्याला त्यानं मला घरी जेवायला बोलावलं होतं. त्याच्या आजीनं पुरणपोळीबरोबर चिनी पेरूचं लोणचं वाढलं. मी म्हटलं, "आजी, तुमचा नातू हीच झाडं उपटतो की." म्हातारीनं त्याच्याकडे बघत क्रिओलमध्ये काहीतरी सुनावलं. त्यानं अर्थ सांगितला: सगळी उपटली तर लोणचं कशाचं करू? यात हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही. पेरू विकून चार पैसे मिळवणारी माणसं खरी आहेत. म्हणून आराखड्यात कुठे तोडायचं याइतकंच कुठे राहू द्यायचं, हेही ठरलेलं असावं लागतं. रस्त्याकडेचा पेरू लोकांना, कुंपणातला नाही.

जिथे असा समजुतीचा हिशेब होत नाही, तिथे काय होतं, ते वटवाघळांनी दाखवलं. फळं खाणारं तिथलं मोठं वटवाघूळ देशी झाडांचं बी दूरवर नेतं, पण लिची आणि आंब्यावरही ताव मारतं. बागायतदारांचा राग समजण्यासारखा आहे. सरकारनं २०१५, २०१६ आणि २०१८ मध्ये हजारो वटवाघळं मारली, आणि २०१८ मध्ये ती जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आणखी वर चढली. झाडांवर जाळी टाकली तर फळ वाचतं आणि वटवाघूळही. जाळीसाठी पैसे देणं हे मारण्यापेक्षा शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

परत आले ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्याच दिवशी सड्यावर गेले, कारण एक जुनी गोष्ट टोचत होती. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, १९८९ चा पावसाळा. कॉलेजच्या शिबिरात आम्ही गावच्या सड्यावर ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लावली. उघडाबोडका कातळ, त्यावर हिरवं काहीतरी यावं, या ओढीनं. मुलांच्या हाताला फोड आले होते. रोपं जगली, बघता बघता वाढली, आणि आम्हाला शाबासकी मिळाली. तो सडा उघडाबोडका नव्हता, हे मला नंतर कळलं. पावसात तिथे गेंदाची पांढरी फुलं, सीतेची आसवं, किडे धरणारा दवबिंदू आणि जगात फक्त या कोकणपट्टीत येणारी दीपकाडी फुलायची. कातळाच्या उथळ खळग्यातल्या बोटभर मातीत ती जगतात, आजूबाजूला दाट सावली नसते म्हणूनच जगतात. बाभळीचा पाचोळा साचला, सावली पडली, आणि खालच्या बाजूची दीपकाडी गेली. माझ्या हातानं लावलेल्या झाडांखाली ती गेली.

सड्याच्या वरच्या अंगाला मात्र अजून सव्वा एकरभर कातळ मोकळा आहे. बाभळीचं बी तिथे वाऱ्या-पाण्यानं पोचायला लागलंय, रोपं वीतभर झाली आहेत. ग्रामसभेत मी हे सगळं मांडलं. मोठी झाडं सरपणाला हवीत, ती राहू देत, असं ठरलं. वरचा तुकडा तेवढा साफ ठेवायचा. कुणाची गुरं तिथे कधी जातात, कुणाची वाट तिथून आहे, हे कागदावर उतरवून घेतलं. आठ घरांनी वर्षातून दोन शनिवार द्यायचं कबूल केलं आहे.

वाचकांनो, मॉरिशसला फिरायला जाणार असाल, तर निघण्याआधी बुटांचे तळ घासून धुवा आणि मोज्यांना चिकटलेली कुसळं काढून टाका. बी असंच प्रवास करतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या वेळातला अर्धा दिवस काढून माहेबूरला जा, तो टापू बघा. तिथल्या तिकिटाचे पैसे याच कामाला लागतात. आणि जूनमध्ये कुणाला आमच्याकडे यायचं असेल, तर पाऊस लागून माती मऊ झाली की दुसऱ्या शनिवारपासून आम्ही रोपं उपटायला सुरुवात करतो. कोयता आणू नका, हातमोजे आणा. पाय कातळावरच ठेवायचा, खळग्यातल्या मातीत नाही. कुठलं रोप काढायचं आणि कुठलं ठेवायचं, ते मी दाखवीन.